सुई खरी आणि सुई खोटी : दुखण्यावरील ॲक्युपंक्चरविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात गुडघेदुखीविषयी लिहिताना मी ॲक्युपंक्चरबद्दल, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराबद्दल, एकच वाक्य लिहिले होते : 'काही रुग्णांना त्याने आराम पडतो, परंतु किती आणि कशामुळे, हे समजून घेऊन मगच जावे.' त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा बाकीच्या लेखावर आलेल्या पत्रांपेक्षा मोठा निघाला, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरांआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षे सांगलीत दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांवर उपचार करीत आहे. मी स्वतः सुया लावत नाही. परंतु माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण कुठे ना कुठे सुया लावून आलेले असतात आणि त्यांतले काही जण खरोखर बरे वाटले म्हणून सांगतात. त्यांचे म्हणणे उडवून लावणे मला कधी जमले नाही, आणि ते तपासून न पाहता मान्य करणेही जमले नाही.

*प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिची चाळीस वर्षे द्राक्षबागेत गेली. आता दोन्ही गुडघे दुखतात, एक्स-रेमध्ये झीज दिसते आणि ती मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज घेते. तिला रक्तदाबाचाही त्रास आहे. एका उपचारकांनी दहा वेळा सुया लावाव्या लागतील असे सांगितले. माझ्या भावाने मात्र कुठेतरी वाचले की, अमेरिकेतील एका संशोधकाने हजारो रुग्णांचा अभ्यास करून खोट्या सुयांनीही आराम पडतो असे दाखवून दिले आहे. मग ही केवळ मनाची समजूत आहे का? आईला न्यावे की नेऊ नये? — एक शिक्षिका, तासगाव*

आपल्या भावांनी वाचले ते बहुधा अँड्र्यू व्हिकर्स यांच्या कामाविषयी असावे. ते न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग संस्थेत जैवसंख्याशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या कामाची बातमी होताना नेहमी अर्धीच गोष्ट छापली जाते. कोणी 'सुई उपयोगी ठरली' असे लिहितो, तर कोणी 'खोट्या सुईनेही तेच झाले' असे लिहितो. दोन्ही वाक्ये त्याच आकड्यांतून निघालेली आहेत, म्हणून ते आकडेच आपल्यासमोर ठेवतो.

व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या निबंधांच्या निष्कर्षांची नुसती बेरीज केली नाही. ज्या संशोधकांनी चांगल्या दर्जाच्या चाचण्या केल्या होत्या, त्या प्रत्येकाकडून त्यांनी मूळ नोंदी मागवल्या, म्हणजे कोणत्या रुग्णाचे दुखणे सुरुवातीला किती होते आणि नंतर किती राहिले याचे एकेका माणसाचे आकडे, आणि ते नव्याने तपासून एकत्र मांडले. हे काम किती चिकाटीचे असते, हे ज्याने एका रुग्णालयाच्या नोंदवह्या जुळवून पाहिल्या आहेत त्यालाच कळेल. २०१२ साली त्यांनी २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. पुढे त्यात भर पडून ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्ण झाले. पाठ व मान, सांध्यांची झीज, खांदा आणि जुनाट डोकेदुखी ही चार दुखणी त्यांनी घेतली होती.

निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी त्यांनी एक उदाहरण दिले आहे. दुखणे ० ते १०० असे मोजायचे ठरवले आणि रुग्णांचे सरासरी दुखणे सुरुवातीला ६० होते असे मानले, तर काही काळाने सुया न लावलेल्यांचे दुखणे ४३ वर येते, खोट्या सुया लावलेल्यांचे ३५ वर येते आणि खऱ्या सुया लावलेल्यांचे ३० वर येते.

या तीन आकड्यांपाशी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. पहिला आकडा सर्वांत दुर्लक्षित राहतो. सुई लावलीच नाही, तरीही ६० चे ४३ झाले. याचे कारण असे की माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो दुखणे अगदी असह्य झाल्यावर, आणि जुनाट दुखण्याला भरती-ओहोटी असते. भरतीच्या वेळी आलेल्या माणसाला नेहमीच्या औषधांवरही पुढील महिन्यांत थोडे बरे वाटणारच असते. त्या वेळी जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरात हे श्रेय जाऊन पडते. 'सुया लावल्या आणि निम्मे दुखणे गेले' असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो, परंतु त्या निम्म्यातील मोठा वाटा सुईविनाही गेला असता.

दुसरी तुलना ४३ आणि ३० यांची आहे. हा फरक मोठा आहे आणि रुग्णाला तो जाणवतो. तिसरी तुलना ३५ आणि ३० यांची, म्हणजे खोट्या आणि खऱ्या सुईची. हा फरक लहान आहे, परंतु हजारो रुग्णांत तो सातत्याने दिसतो, म्हणून तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या भावांनी वाचलेले वाक्य या तिसऱ्या तुलनेवरून आले आहे. उपचार संपल्यानंतर वर्षभराने पाहिले तेव्हाही मिळालेल्या आरामापैकी साधारण १५ टक्केच कमी झालेला होता, ही गोष्ट मला स्वतःला अनपेक्षित होती.

आता खोटी सुई म्हणजे काय, हे सांगायला हवे. सांगली ही नाट्यपंढरी असल्यामुळे येथे नाटकातला खंजीर वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पाते मुठीत सरकते आणि प्रेक्षकाला ते छातीत रुतल्यासारखे वाटते. जर्मनीतील श्ट्राइटबर्गर या संशोधकाने १९९८ साली याच युक्तीची सुई वापरात आणली. तिचे टोक बोथट असते. त्वचेला लागताच रुग्णाला टोचल्यासारखे वाटते आणि सुईची काडी आत जाण्याऐवजी स्वतःच्याच मुठीत सरकते. एका छोट्या प्लास्टिकच्या कड्यावर चिकटपट्टी लावून ती उभी ठेवतात, त्यामुळे पाहणाऱ्याला ती खरोखर रुतलेली दिसते. इतर काही चाचण्यांत खरीच सुई वापरली, परंतु बिंदूंच्या चिनी नकाशात नसलेल्या जागी आणि अगदी वरवर टोचली.

जर्मनीत अशी एक मोठी चाचणी जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झाली आणि २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर समाधानकारक आराम पडलेल्यांचे प्रमाण परंपरेनुसार सुया लावलेल्यांत ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायाम असा नेहमीचा उपचार घेतलेल्यांत २७.४ टक्के होते. गुडघ्याच्या झिजेवर त्याच मालिकेतील १,००७ रुग्णांच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे ५३.१, ५१.० आणि २९.१ टक्के आले.

या आकड्यांवरून माझे मत असे बनले आहे की, नेमक्या बिंदूला जे महत्त्व दिले जाते ते आकड्यांत दिसत नाही. 'हा गुप्त बिंदू फक्त आम्हालाच ठाऊक आहे' असे सांगून जास्त पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मात्र बोथट सुई किंवा वरवर टोचलेली सुई ही साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय वस्तू नाही. त्वचेला स्पर्श होतो, नसा जाग्या होतात. शिवाय अर्धा तास शांत पडून राहणे, कोणीतरी दुखऱ्या जागेवर हात ठेवून नीट विचारपूस करणे, या सर्वांचा शरीरावर परिणाम होतो. हार्वर्डमधील टेड कॅप्चक यांनी २००८ साली २६२ रुग्णांवर हेच मोजून पाहिले. दुखणे वेगळे होते, आतड्यांच्या जुनाट तक्रारींचे. परंतु प्रश्न हाच होता. नुसते प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्के, अबोलपणे खोटी सुई लावलेल्यांपैकी ४४ टक्के, आणि खोटीच सुई परंतु आपुलकीने बोलून, ऐकून घेऊन लावलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. आमच्या दवाखान्यांत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. हे आकडे वाचल्यानंतर मला सुईपेक्षा आमच्या त्या चार मिनिटांचा विचार अधिक करावासा वाटतो.

म्हणून 'मनाची समजूत' हा शब्द मला पटत नाही. आपल्या आईंचे दुखणे खरे आहे आणि ते कमी झाले तर तेही खरेच असेल.

त्यांच्या गुडघ्यांविषयी मात्र सावधपणे सांगतो. गुडघ्याच्या झिजेवर पुरावा इतर दुखण्यांपेक्षा दुबळा आहे. ऑस्ट्रेलियात पन्नाशीपुढील २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोट्या लेसर उपचाराच्या तुलनेत सुईचा काही फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. जर्मनीत मात्र जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी सरकारी आरोग्य विमा २००७ पासून या उपचाराचे पैसे देतो. दोन्ही देशांसमोर साधारण सारखाच पुरावा होता. ब्रिटनने विचारले की सुई खोट्या सुईपेक्षा किती सरस आहे, आणि जर्मनीने विचारले की रुग्णाला आज जे मिळते आहे त्यापेक्षा ती सरस आहे का. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

आपल्या घरचा प्रश्न मला या दोहोंपेक्षा वेगळा दिसतो. रक्तदाब असलेल्या ६२ वर्षांच्या व्यक्तीने डायक्लोफिनॅक किंवा त्या जातीची गोळी रोज, कोणालाही न विचारता घेणे, ही या पत्रातील सर्वांत काळजी करण्यासारखी गोष्ट आहे. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो; शेतात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तो धोका आणखी वाढतो. म्हणून प्रथम त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा. त्यानंतर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ करायचा, मनात दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बागेत थिनिंगच्या, म्हणजे घडांच्या विरळणीच्या, दिवसांत उभे राहून काम असते, ते त्यांना झेपेल. परंतु घरी खाली उकिडवे बसून करण्याची कामे ओट्यावर आणावीत.

हे सर्व चालू ठेवून सुया लावून पाहायच्या असतील तर न्या, आणि त्यामुळे रोजची गोळी सुटत असेल तर तो खरा लाभ आहे. घरातील कालनिर्णयावर रोज रात्री त्यांचे दुखणे दहापैकी किती होते तो आकडा लिहून ठेवा, सुया सुरू होण्याआधी दोन आठवडे आणि नंतरही. सहा वेळा लावून आकडा खाली आला नाही तर दहा पूर्ण करण्याचा आग्रह धरू नये.

*प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. 'ची' नावाची ऊर्जा वाहिन्यांतून वाहते आणि सुईने तिचा अडथळा दूर होतो, असे एका शिबिरात सांगण्यात आले. हे विज्ञानाच्या कसोटीवर टिकते का? टिकत नसेल, तर सुईने दुखणे कमी होण्याचे दुसरे काही कारण सापडले आहे का? — एक विद्यार्थी, सातारा*

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित केल्या आहेत, परंतु ते उपचारकांना एकच भाषा मिळावी म्हणून. शवविच्छेदनात अशी वाहिनी किंवा मोजमापाच्या यंत्रात अशी ऊर्जा सापडलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी आपल्या निरीक्षणांना त्या काळच्या शब्दांत बसवले होते. निरीक्षण खरे असून स्पष्टीकरण चुकीचे असू शकते.

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्यावर साठ वर्षे काम झाले आहे. १९६५ साली बीजिंगमधील शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक हान जिशेंग यांनी हे काम हाती घेतले. त्यांनी निरोगी माणसांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील 'हेगू' या बिंदूवर सुई लावली आणि शरीरावर ठिकठिकाणी दुखण्याची सहनमर्यादा मोजली. ती मर्यादा सुई टोचताच वाढली नाही; हळूहळू चढत गेली आणि सुमारे अर्ध्या तासाने शिखरावर पोहोचली. सुई काढल्यावर तीही एकदम उतरली नाही. साधारण दर १६ मिनिटांनी निम्मी होत गेली. रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा आलेख पाहून काय सुचेल, ते मी वेगळे सांगायला नको. हान यांनाही तेच सुचले : शरीरात काहीतरी द्रव्य तयार होत असावे आणि ते हळूहळू ओसरत असावे. त्यांनी सुई लावलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचा द्रव काढून, सुई न लावलेल्या सशाच्या मेंदूत सोडला. त्या दुसऱ्या सशाचीही सहनमर्यादा वाढली.

ते द्रव्य कोणते, याचा धागा स्कॉटलंडमध्ये मिळाला. ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी १९७५ साली एन्केफॅलिन, म्हणजे शरीर स्वतः तयार करते असे अफूसारखे द्रव्य, शोधून काढले. दोन वर्षांनी मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या दातांवर प्रयोग केला. हेगू बिंदूवर सुई लावल्यावर दाताची सहनमर्यादा वाढली आणि नॅलॉक्सोनचे इंजेक्शन देताच ती वाढ नाहीशी झाली. नॅलॉक्सोन हे मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे औषध आहे. शस्त्रक्रियागृहात आम्ही ते नेहमी हाताशी ठेवतो. म्हणजे सुईचा परिणाम शरीरातील अफूसारख्या द्रव्यांमार्फत होत होता. १९८३ साली दुसऱ्या एका गटाला नॅलॉक्सोनचा हा परिणाम दिसला नाही, हेही आपण लक्षात ठेवावे. हान यांनी पुढे सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडून दाखवले की सेकंदाला २ स्पंदनांनी एन्केफॅलिन व एंडॉर्फिन सुटतात आणि १०० स्पंदनांनी डायनॉर्फिन; ही सर्व शरीरातील अफूसारखीच द्रव्ये आहेत.

सुईच्या आसपास काय घडते, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१० साली उंदरांच्या गुडघ्याखालील बिंदूवर सुई लावली आणि अर्धा तास, दर पाच मिनिटांनी ती फिरवली. सुईजवळच्या ऊतींत ॲडिनोसिन या वेदना शमवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण सुमारे २४ पट झाले. ज्या उंदरांच्या शरीरात ॲडिनोसिनचा संदेश स्वीकारणारा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) नव्हता, त्यांना सुईने काहीच आराम पडला नाही. हा प्रयोग अतिशय स्वच्छ आहे, तरी एक सावधगिरी हवी. उंदराचा पाय आणि माणसाचा पाय यांत टोचलेल्या सुईचे प्रमाण सारखे नसते, आणि ॲडिनोसिन जागच्या जागी काम करत असल्याने पायातील सुईने डोके दुखायचे का थांबावे, हे त्याने कळत नाही.

मला सर्वांत आवडलेले काम हेलेन लँजव्हिन यांचे आहे. सुई फिरवली की उपचारकाच्या बोटांना ती धरून ठेवल्यासारखी वाटते. चिनी ग्रंथांत या अनुभवाला मासा गळाला लागल्याची उपमा दिलेली आहे. लँजव्हिन यांनी व्हर्मॉंट विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्वचेखालील संयोजी ऊतीचे तंतू सुईभोवती गुंडाळले गेलेले दिसले, चातीवर सूत गुंडाळावे तसे. सुई बाहेर काढण्यास लागणारा जोर त्यांनी यंत्राने मोजला. चिनी बिंदूंवर तो इतर जागांपेक्षा १८ टक्के अधिक भरला. म्हणजे बिंदूंच्या जागी ऊतींची रचना किंचित वेगळी असावी. त्यावरून वाहिन्या सिद्ध होत नाहीत, पण जुन्या लोकांच्या बोटांना काहीतरी लागत होते, एवढे नक्की.

*प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ही विद्या चीनमधून भारतात आणली, असे आम्ही ऐकत आलो. तसेच चीनमध्ये एका अमेरिकन पत्रकाराची शस्त्रक्रिया भूल न देता केवळ सुयांवर झाली, हेही ऐकले. खरे काय आहे? — एक निवृत्त मुख्याध्यापक, विटा*

दोन्ही गोष्टी थोड्या सरकलेल्या आहेत. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांतले दोन. कोटणीस १९४२ साली तेथेच, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचे काम युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करण्याचे होते. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी. ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धत शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. पुढे या उपचाराचा प्रसार कोटणीसांच्या स्मृतीशी जोडला गेल्यामुळे हा गैरसमज रूढ झाला असावा.

पत्रकार म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन. जुलै १९७१ मध्ये बीजिंगला त्यांचे ॲपेंडिक्स काढले गेले, परंतु ते झायलोकेन वगैरे देऊन, नेहमीच्या स्थानिक भुलीखाली. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा, कोपरात आणि गुडघ्यांखाली. त्यांनी तसे स्वच्छ लिहिलेही होते; कथा सांगणाऱ्यांनी सुया एक दिवस आधी नेऊन ठेवल्या. भूलतज्ज्ञ म्हणून मला याविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. व्हिकर्स यांच्या उदाहरणातील ४३ आणि ३० यांमधला फरक जुनाट दुखण्यात मोलाचा असतो, परंतु त्या बळावर कोणाच्या पोटावर चाकू चालवता येत नाही.

*प्रश्न : मला महिन्यातून सात-आठ दिवस अर्धशिशीचा त्रास होतो. सुया लावून घेणे सुरक्षित आहे का, आणि उपचारक कसा निवडावा? मला मधुमेहही आहे. — एक वाचक, कराड*

अर्धशिशीच्या बाबतीत मला आपल्याला अधिक मोकळेपणाने 'करून पाहा' असे सांगता येते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २२ चाचण्यांतील ४,९८५ रुग्णांचा आढावा २०१६ साली आला. सुया लावलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांच्या डोकेदुखीचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून कमी झाले, तर न लावलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांचे. खोट्या सुयांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत हे प्रमाण खऱ्या सुयांमध्ये ५० आणि खोट्यांमध्ये ४१ टक्के होते. गुडघ्यासाठी नको म्हणणारी 'नाइस' संस्थाही अर्धशिशी टाळण्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा असे सांगते.

सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती केसासारखी बारीक आणि भरीव असते, त्यामुळे टोचल्याचे फारसे जाणवत नाही, नंतर जडपणा किंवा बधिरपणा वाटतो. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के जणांना काहीतरी त्रास झाला, तोही बहुतेक रक्ताचा थेंब येणे किंवा काळेनिळे पडणे एवढाच. मात्र दोघांच्या फुप्फुसाला छिद्र पडले होते. म्हणून छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई लावू देऊ नये. सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडले गेले पाहिजे आणि वापरलेली सुई आपल्यासमोर टाकली गेली पाहिजे. मधुमेह असल्याने पावलांना बधिरपणा असेल तर तेथे सुया नकोत, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. महाराष्ट्रात २०१५ साली या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा झाला असून त्याखाली परिषद आहे. उपचारकाची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मधुमेहाची किंवा अर्धशिशीची चालू गोळी बंद करा असे जो सांगेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

*प्रश्न : मी मिरजेत तंतुवाद्ये तयार करतो. मान आणि उजवा खांदा वर्षभर दुखतो आहे. दोन महिन्यांपासून हाताला मुंग्या येतात, आणि जवारी लावताना कानस हातातून निसटते. शर्टाची बटणे लावायलाही वेळ लागतो. दिवाळीपर्यंत सतारींच्या मागण्या पूर्ण करायच्या आहेत. तोपर्यंत सुयांवर भागेल का? — एक कारागीर, मिरज*

आपले पत्र मी दोनदा वाचले. जवारीचे काम म्हणजे घोडीच्या पृष्ठभागावरून कानस इतक्या हलक्या हाताने फिरवायची की तार तिला केसभर अंतराने स्पर्श करून गुंजली पाहिजे. ज्या हाताने आयुष्यभर हे केले, त्या हाताला आता कानस धरवत नाही, हे दुखण्याचे लक्षण नाही. ते नस दाबली जात असल्याचे लक्षण आहे. मनगटात नस दाबली जात असेल तर अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात, रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. परंतु बटणे लावता न येणे आणि हातातून वस्तू निसटणे हे मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब आल्यामुळेही होते, आणि त्यात चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला तर वेळ फार थोडा असतो.

सुईने दुखणे कमी होते, याचाच येथे मला धोका वाटतो. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. पाठदुखीसाठी ते आठ महिने सुया लावून घेत होते आणि दर वेळी दोन-तीन दिवस बरे वाटत होते. त्या आठ महिन्यांत त्यांचे वजन नऊ किलोने घटले होते आणि संध्याकाळी बारीक ताप येत होता. कोणी विचारले नव्हते, त्यांनीही सांगितले नव्हते. मणक्याचा क्षयरोग होता. औषधांनी तो बरा झाला, पण पाठीला आलेला बाक गेला नाही. वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बधिरपणा किंवा शक्ती जाणे, यांपैकी काहीही असेल तर निदान होईपर्यंत सुई थांबली पाहिजे.

आपण मेंदू व मज्जासंस्थेच्या किंवा अस्थिरोगाच्या डॉक्टरांना भेटा आणि मानेचा एमआरआय व हाताच्या नसांची एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) तपासणी करून घ्या. मिरजेत या दोन्हींची सोय आहे. दाब नाही असे ठरले आणि केवळ स्नायूंचे दुखणे राहिले, तर मान व खांद्यासाठी सुया लावून पाहण्यास माझी हरकत नाही. मानदुखी हे व्हिकर्स यांच्या आकड्यांतील बऱ्यापैकी उत्तर मिळालेले दुखणे आहे. भोपळा मांडीवर घेऊन वाकण्याऐवजी तो छातीच्या उंचीला येईल असा चौरंग करून घ्या, तेवढ्याने मानेचा बराच भार हलका होईल. मात्र तपासणीसाठी दिवाळीपर्यंत थांबू नका. हा अंक हाती पडेल त्याच आठवड्यात जा, आणि जाताना बोटांपैकी कोणती बधिर होतात ते एका कागदावर लिहून न्या.